मोठ्या प्रवासाचा हिशेब

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही भाषण करणारी बाई नव्हे. ह्या मंडळात मी आजवर सतरंज्या घातल्या, हळदीकुंकवाला तबक फिरवले आणि चैत्रगौरीच्या डाळीला कैऱ्या किसल्या. गेल्या महिन्यात चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही नर्मदेची परिक्रमा करून आलात, त्यावर चार शब्द बोला." मी म्हटले, नर्मदामाईचे माहात्म्य सांगायला विद्वान माणसे पुष्कळ आहेत, मी सातवी शिकलेली बाई काय सांगणार? तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "माहात्म्य नकोच. खर्च किती आला तेवढे सांगा."

त्यांचे बरोबरच होते. परत आल्यापासून मला मुलुंड स्टेशनवर, भाजीच्या गाडीपाशी, दवाखान्याच्या बाकावर, जिथे म्हणून कोणी भेटले तिथे हाच प्रश्न विचारला गेला. पाय दुखले का, देव भेटला का, हे मागाहून. आधी, "एवढे दिवस फिरायचे म्हणजे पैसे किती लागले हो?" म्हणून मी आज ही वही बरोबर आणली आहे. शंभर पानी आहे आणि पावसात एकदा भिजलेली आहे. भाषणात काही चुकले तर वहीत पाहून बोलेन, एवढी सवलत मला द्या.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. नर्मदा अमरकंटकला उगम पावते आणि भडोचच्या पुढे खंबातच्या आखाताला मिळते. तिची लांबी १,३१२ किलोमीटर. परिक्रमा म्हणजे नदी सदैव उजव्या हाताला ठेवून तिला पुरा फेरा घालायचा. एका तीराने जायचे, समुद्राशी नावेतून पलीकडे व्हायचे आणि दुसऱ्या तीराने यायचे. मध्ये कुठेही पात्र ओलांडायचे नाही. चातुर्मासात चालायचे नाही. जुन्या रिवाजाप्रमाणे ह्याला ३ वर्षे, ३ महिने आणि १३ दिवस लागतात. हल्ली भराभर चालणारे चार-सहा महिन्यांत पुरी करतात.

सलग चार महिने घर सोडणे मला शक्य नव्हते. मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई, दोघींनी ती तीन हिवाळ्यांत तुकड्या-तुकड्यांनी केली. २०२२ च्या कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वराहून निघालो आणि दक्षिण तीराने समुद्रापर्यंत जाऊन, नावेने उतरून, भडोचला थांबलो. ते ३२ दिवस. दुसऱ्या वर्षी भडोचहून उत्तर तीराने जबलपूर, ४३ दिवस. तिसऱ्या वर्षी जबलपूरहून अमरकंटक आणि तिथून वळून दक्षिण तीराने पुन्हा ओंकारेश्वर, ४९ दिवस. एकंदर १२४ दिवस. अशी खंडाखंडाने केलेली परिक्रमा खरी नव्हे, मध्ये आगगाडीने घरी येताना तुम्ही पूल ओलांडलात, असे सांगणारे एक बुवा आम्हांला वाटेत भेटले. जाऊबाई त्यांना म्हणाल्या, "महाराज, तुमच्या मागे तुमचा डबा कोण करते?" बुवा काही बोलले नाहीत. मला मात्र तो प्रश्न तेव्हा नुसता थट्टेचा वाटला होता.

आता पैसा. आमच्या आळीत बारा जणींची भिशी आहे. दरमहा प्रत्येकीने हजार रुपये घालायचे आणि चिठ्ठी निघेल तिला बारा हजार मिळायचे. मी साड्यांना फॉल लावते, पिको करून देते, त्यातून माझा हप्ता निघतो. मी सगळ्याजणींना सांगून ठेवले होते की माझी चिठ्ठी आधी निघाली तरी मला दिवाळीनंतरचा महिना द्या. त्यांनी दिला, त्याबद्दल आज त्यांचे सर्वांसमक्ष आभार मानते. गंमत अशी की पंढरीच्या वाटेवरही भिशी हाच शब्द आहे. मी पूर्वी एकदा आळंदीहून वारीत चालले होते. तिथे दिंडीच्या भिशीत ठरलेली रक्कम एकदा भरली की जेवण, तंबू, सामान वाहणारा ट्रक हे सारे दिंडी बघते. वारकऱ्याने फक्त चालायचे. दोन-अडीच आठवड्यांचा प्रवास गरिबालाही झेपतो तो ह्या व्यवस्थेमुळे. एकट्या माणसाने तेच अंतर हॉटेलात जेवत आणि लॉजवर उतरत चालायचे म्हटले तर चौथ्या दिवशी घर आठवेल.

नर्मदेकाठी दिंडी नाही आणि भिशीही नाही. तिथे सदावर्त आहे. आश्रमात, धर्मशाळेत, कधी साध्या शेतकऱ्याच्या ओट्यावर परिक्रमावासी पोहोचला की त्याला शिजवलेले जेवण, नाही तर पीठ, डाळ, मीठ, मिरची असा कोरडा शिधा मिळतो. "नर्मदे हर" म्हटले की "या माताजी, बसा" असे उत्तर येते. सकाळी वाटेवरची माणसे हात धरून चहाला बसवतात. हे नवे नाही. महेश्वरला गेलो तेव्हा अहिल्याबाई होळकरांचा घाट पाहिला. त्या १७९५ साली वारल्या. त्यांनी देशभर घाट आणि धर्मशाळा बांधल्या, अन्नछत्रे चालवली, आणि हा दानधर्म राज्याच्या तिजोरीतून नव्हे तर आपल्या खासगीतून केला, असे इतिहासात आहे. यात्रेकरूचा पैसा वाटेत टिकावा म्हणून कोणी तरी आधी आपला पैसा खर्च केलेला असतो. ही गोष्ट मी महेश्वरच्या पायऱ्यांवर बसून समजले असे म्हणणार नाही. ती त्याच्या आधीच्या वर्षी एका पाड्यावर समजली.

बडवाणीच्या पुढे सातपुड्याच्या डोंगरात आम्ही वाट चुकलो. अंधार पडत आला होता. एका झोपडीपाशी एक बाई उभी होती, माझ्याहून वयाने लहान, पण दिसायला थोर. तिने आम्हांला आत घेतले. चुलीवर मक्याच्या रोट्या भाजल्या आणि उडदाची डाळ वाढली. आम्ही दिवसभर चाललेल्या, तीन-तीन रोट्या खाल्ल्या. खाऊन झाल्यावर मी भांडी घासायला म्हणून उठले तर पिठाची कोठी दिसली. तिच्या तळाशी ओंजळभर पीठ होते. तिची दोन मुले आमच्या आधी जेवली होती की नाही हे मी विचारले नाही. विचारायचे धैर्य झाले नाही. सकाळी शंभराची नोट पुढे केली तर तिने दोन्ही हात मागे घेतले. म्हणाली ते मला नीटसे कळले नाही, पण जाऊबाई म्हणाल्या की माईच्या माणसाकडून पैसे घेत नाही असे ती म्हणते. शेवटी पुढच्या गावच्या दुकानातून पाच किलो पीठ आणि डाळ घेऊन, एका ओळखीच्या पोराच्या हाती तिच्याकडे पाठवली. पोहोचली असेल अशी आशा आहे.

त्या रात्रीपासून आम्ही एक नियम केला. रोजचे प्रत्येकी शंभर रुपये बाजूला काढायचे. त्यातून चहा, औषध, साबण जे लागेल ते घ्यायचे आणि दिवसाअखेर जे उरेल ते वेगळ्या पुरचुंडीत टाकायचे. ती पुरचुंडी आपली नव्हे. आश्रमाची पेटी असेल तिथे पेटीत, नसेल तिथे पिठामिठाच्या रूपाने ती रिकामी करायची. हे सांगण्याचे कारण, पुष्कळजणींची समजूत असते की परिक्रमा म्हणजे फुकटात चार महिने. तशी करणारेही भेटतात, आणि त्यांच्यात शहरातले खातेपिते लोकही असतात, हे मला नावडते पण खरे आहे. नोटा मात्र जवळ सुट्या हव्यात. मुंबईत आपण फोन दाखवून कोथिंबिरीचे पैसेसुद्धा देतो. डोंगरात रेंज नसली की ते फोनमधले पैसे म्हणजे आरशातला लाडू. पन्नासाच्या आणि वीसच्या नोटांची गड्डी दोघींनी दोन ठिकाणी शिवून घेतली होती, एक परकराच्या आतल्या खिशात आणि एक पाठपिशवीच्या अस्तरात.

आता पहिल्या वर्षाचे वहीतले आकडे वाचते. गाडी आणि एसटी १,२६०. बूट, पाठपिशवी आणि बॅटरी मिळून २,३५०. औषधे ४८०. चहापाणी आणि किरकोळ १,१५०. समुद्रावरची नाव आणि काठची वाहने ६००. दान, शिधा आणि कन्यापूजन १,३००. एकूण ७,१४० रुपये. बारा हजारांतले ४,८६० शिल्लक घेऊन मी घरी आले आणि ह्यांच्यापुढे वही टाकून म्हटले, "बघा, ३२ दिवसांचा प्रवास, आणि दिवसाला सव्वादोनशे रुपयेसुद्धा पडले नाहीत." मला फार अभिमान वाटला होता, हे मला कबूल केले पाहिजे. हेही म्हणाले, "घरी बसून तू ह्याहून जास्त खर्च करतेस."

माझी लेक तेव्हा बारावीला होती, कॉमर्सला. तिने ती वही घेतली आणि शांतपणे पाहिली. म्हणाली, "आई, तू रोख खर्च लिहिलास. देणी लिहिली नाहीस."

मी विचारले, कसली देणी? तर तिने काही सांगितले नाही. दोन दिवसांनी सासूबाईंकडून कळले. मी गेल्यावर पहिले चार दिवस लेकीने कॉलेज, क्लास आणि स्वयंपाक सारे केले. नंतर सासूबाईंचा गुडघा सुजला. संध्याकाळचा क्लास आणि रात्रीचा स्वयंपाक दोन्ही जमेनात, तेव्हा तिने क्लास सोडला. माझ्याशी फोनवर रोज बोलत होती, पण त्यातले एक अक्षर मला कळू दिले नाही. आणि सोडला तो क्लास नेमका बुक-कीपिंगचा. जानेवारीत सराव परीक्षा झाली, त्यात त्याच विषयाला तिला सर्वांत कमी मार्क पडले. बारावी पास झाली, पण ज्या कॉलेजात जायचे तिच्या मनात होते तिथे तिचे नाव लागले नाही. धाकटा मुलगाही त्याच घरात होता. तो रोज वेळेवर जेवला. त्याला कोणी क्लास सोडायला सांगितले नाही, हा दोष त्याचा नाही, आमचा आहे.

भगिनींनो, त्या पाड्यावरच्या बाईच्या कोठीत मला जे दिसले ते माझ्या घरातल्या कोठीत दिसायला एवढा उशीर लागला.

त्या उन्हाळ्यात मी वाचनालयातून पुस्तके आणून वाचू लागले. आपल्या आधी मोठाले प्रवास करणारी माणसे खर्चाचे काय करीत होती, ते मला पाहायचे होते. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' वाचला. गोडसे भटजी पेणजवळच्या वरसईचे. घरावर कर्ज होते. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, असे ऐकून ते १८५७ साली आपल्या काकांबरोबर निघाले, आणि जाऊन पडले ते बंडाच्या ऐन वणव्यात. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरात होते. कमावलेले लुटले गेले, पुन्हा मिळवले, पुन्हा गेले. तरी बुवांचा प्रवास थांबला नाही, कारण त्यांची पोथी त्यांच्या तोंडात होती. ज्या गावी जात तिथे पूजा, पाठ किंवा श्राद्ध असे काही तरी मिळेच. अडीच-तीन वर्षांनी परत आले ते आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन. पुस्तक १९०७ साली छापून निघाले. वाचायला फार गोड आहे, जरूर वाचा. पण एवढ्या काळात वरसईच्या चुलीवर काय शिजत होते आणि ते कोणी मिळवले, हे मी पुस्तकात शोधत राहिले. मला ते फारसे सापडले नाही.

ते सापडले पंडिता रमाबाईंच्या चरित्रात. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवले म्हणून लोकांचा रोष पत्करला आणि सह्याद्रीत गंगामूळला रानात घर केले. तिथे १८५८ साली रमाबाईंचा जन्म झाला. त्या जागेला तीर्थाचे स्वरूप आले. यात्रेकरू येत, विद्यार्थी येत, शास्त्रीबुवा कोणाला उपाशी पाठवीत नसत. आलेल्यागेलेल्यांना जेवू घालता घालता त्यांचेच घर कर्जात बुडाले. रमाबाई सहा महिन्यांच्या होत्या तेव्हा सारे कुटुंब घर सोडून तीर्थयात्रेला निघाले. तान्ह्या मुलीला वेताच्या पेटाऱ्यात घालून गड्याच्या डोक्यावर दिले होते. म्हणजे ज्यांनी वर्षानुवर्षे यात्रेकरूंचा खर्च सोसला तेच शेवटी यात्रेकरू झाले. हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते.

पुढे ते कुटुंब देवळांतून पुराणे सांगत फिरले. ऐकणारे धान्य, कपडा, पैसा पुढे ठेवीत, त्यावर गुजराण चाले. चांगल्या वर्षांत हे बरे चालले. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. देणाराच उपाशी राहिला, तर पुराणिकाला कोण देणार? साठवलेले संपले, भांडी आणि दागिने गेले. १८७४ साली वडील गेले, मागोमाग आई आणि थोरली बहीणही गेली. रमाबाई आणि त्यांचे भाऊ श्रीनिवास पायी फिरत फिरत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी त्यांची विद्वत्ता पाहून त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले, हे आपण शाळेत शिकलो. त्याआधी त्या किती मैल अनवाणी आणि उपाशी चालल्या हे शाळेत शिकवले नव्हते.

पण मला खरे नवल पुढचे वाटते. भाऊ गेला, नवरा गेला, कडेवर लहान मुलगी. तरीही १८८३ साली त्या विलायतेला गेल्या. ह्या वेळी त्यांनी कोणाच्या दक्षिणेची वाट पाहिली नाही. आदल्याच वर्षी त्यांनी 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले होते, त्याच्या विक्रीतून बोटीचे भाडे उभे केले. १८८६ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथे जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. गावोगाव व्याख्याने दिली आणि १८८७ साली हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक काढले. नुसता आपला खर्च भागवला असे नव्हे, तर बालविधवांच्या शाळेसाठी मदतीची व्यवस्था करून आल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीवर शारदासदन उघडले ते त्या प्रवासातून. त्यांच्या धर्मांतराविषयी आपणांत मतभेद असतील, मला त्यात पडायचे नाही. मी त्यांच्याकडे एक प्रवास करणारी, पदरचा हिशेब ठेवणारी बाई म्हणून पाहते.

माझ्याजवळ पोथीही नाही आणि इंग्रजीही नाही. पण सुई आहे. दुसऱ्या वर्षी मी पाठपिशवीत सुया, दोऱ्याची रिळे, लहान कात्री आणि बटणांची डबी घेतली. वजन पाव किलोसुद्धा नाही. नेमावरच्या पुढे एका आश्रमात शंभरभर परिक्रमावासी उतरत होते आणि गोधड्या सगळ्या उसवलेल्या. आम्ही तिथे दोन दिवस राहून एकोणीस गोधड्या टाचल्या आणि उशांचे अभ्रे शिवले. आश्रमाच्या माताजी म्हणाल्या, "तुम्ही दान काय देता, हेच पुष्कळ झाले." जिथे शिवण नसे तिथे पोळ्या लाटायच्या. शेकडो पोळ्या लाटताना मुलुंडचे स्वयंपाकघर लहान वाटू लागते. हे फार मोठे काम केले असे मी सांगत नाही, पण ताटावर बसताना मान वर राहते.

दुसऱ्या वर्षाच्या हिशेबाला मात्र मी वहीचे पान उभे दुमडले. डाव्या बाजूला वाट आणि उजव्या बाजूला घर. उजवी बाजू लेकीने मांडून दिली, तिच्या पुस्तकातल्यासारखी. पोळीभाजी करायला बाई लावली, दिवसाला १५० रुपये, ४३ दिवसांचे ६,४५०. सासूबाईंजवळ दुपारी बसायला आणि त्यांना तेल लावायला खालच्या मजल्यावरची एक गरजू बाई, दिवसाला १००, म्हणजे ४,३००. माझे बुडालेले शिवण १,७००, कारण मी नर्मदेवर असले तरी भिशीचा हप्ता थांबत नाही. घराची एकूण बाजू १२,४५०. वाटेची बाजू ७,१६०, त्यात दान आणि शिधा ३,१००. दोन्ही मिळून १९,६१० रुपये.

पाहा, वाटेपेक्षा घर जवळजवळ पावणेदोन पट महाग पडले. आम्ही बायका घरात नसलो की घरावर काय खर्च येतो, तो आकडा माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा पाहिला. ह्यांनीही पहिल्यांदाच पाहिला. बराच वेळ वहीकडे पाहून म्हणाले, "अगं, मग ही यात्रा स्वस्त कुठे राहिली?" मी म्हटले, "ती स्वस्त कधीच नव्हती. गेल्या वर्षीचे पैसे आपल्या लेकीने भरले होते." ते काही बोलले नाहीत. भिशीचे बारा हजार आणि मागचे शिल्लक ४,८६० धरून २,७५० कमी पडत होते, ते त्यांनी बोनसमधून काढून माझ्या हातावर ठेवले. मी तीस वर्षांची असते तर त्यावर रुसले असते की आधी का नाही दिले. आता रुसायला वेळ नाही.

निघायच्या आदल्या रात्री सासूबाई पोळीवालीची चौकशी करीत होत्या, पातळ लाटते का, मीठ बेताने घालते का. मध्येच म्हणाल्या, "मला चाळीस वर्षे वारीला जायचे होते गं." मी म्हटले, मग का नाही गेलात? तर म्हणाल्या, "पैसे होते. मामंजी द्यायला तयार होते. पण माझ्या मागे कोण होते?" आणि कूस बदलून झोपल्या. आता त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर आहे आणि गुडघे जिना उतरू देत नाहीत. परत येताना मी त्यांच्यासाठी नर्मदेचे पाणी आणले. त्यांनी ते देवापाशी ठेवले, पण वारीची भरपाई पाण्याने होत नाही हे त्यांना आणि मला दोघींना माहीत आहे.

तिसऱ्या वर्षाचे सांगत बसत नाही, प्रमाण साधारण तेच होते. लेकीने सुटीत आठ दिवस पोळीवालीला रजा दिली आणि धाकट्याला कणीक मळायला लावले, तेवढी बचत झाली. त्याच्या पोळ्या नकाशासारख्या होत्या असे कळते. ओंकारेश्वरला पोहोचून कढई केली, कन्यांना जेवू घातले, आणि पुरचुंडी तिथेच रिकामी केली.

आता मंडळापुढे एक गोष्ट ठेवते, ती सोडण्यापूर्वी खाली बसत नाही. आपल्या सभासदांपैकी पाचसहा जणींना यंदा आषाढीला आळंदीहून पायी जायचे आहे. दोघींना परिक्रमेची ओढ आहे. त्यांच्यासाठी आपण वेगळी भिशी सुरू करावी. हप्ता ठरवताना मात्र नुसते दिंडीचे पैसे धरू नयेत, मागच्या घराचा स्वयंपाक, म्हाताऱ्या माणसाची सोबत आणि जाणारीचे बुडणारे काम हेही धरावे. काल कार्यकारिणीत दोन हरकती निघाल्या. एक बाई म्हणाल्या, एवढा हप्ता कोणाला परवडणार? खरे आहे, सगळ्यांना परवडणार नाही. म्हणून एक वर्षाऐवजी दोन वर्षांची भिशी करू, म्हणजे हप्ता अर्धा होईल. दुसऱ्या म्हणाल्या, शेजारणी-शेजारणी एकमेकींच्या घरचा डबा करू, पैसे कशाला? तेही चांगलेच आहे, आणि मी पुढच्या जूनमध्ये दोन घरांचे डबे करीन असे आजच सांगते. पण केलेले डबे वहीत लिहावेत अशी माझी विनंती आहे. ज्या बाईने आज आपल्यासाठी वीस दिवस डबा केला तिची पाळी आल्यावर आपल्याला आठवण राहावी म्हणून.

माझी वही चहाच्या टेबलावर ठेवते. उजवी बाजू लेकीच्या अक्षरात आहे, ती वाचायला सोपी आहे. माझे अक्षर लागले नाही तर मला विचारा. शेवटच्या पानावर हप्त्यांचे एक कच्चे टिपण आहे. ज्यांना भिशीत यायचे असेल त्यांनी त्याखाली नाव, आणि घरात मागे कोण कोण राहणार ते लिहावे. पेन खजिनदारबाईंकडे आहे.